मंत्रचळाची लागण होते का?

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथे समुद्रकाठच्या एका गावात २००२ सालच्या उन्हाळ्यात सॅमी नावाचा बारा वर्षांचा एक मुलगा अचानक डोळे मिटून चालायला लागला. जेवतानाही डोळे मिटलेले. दिव्याचं बटण, दाराची मूठ, पाण्याचा नळ यांना हातानं शिवायचं नाही, कोपरानं नाहीतर पायानं ढकलायचं. आंघोळीला ठाम नकार, भिंतीला घासत सरकणं, मधूनच संतापाचे झटके. काही आठवड्यांपूर्वी हाच मुलगा हुशार, हसरा आणि सगळ्यांचा लाडका होता. तीन मुलांना एकटीनं वाढवणाऱ्या त्याच्या आईनं डॉक्टर गाठले. निदान झालं ते ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ओसीडी असं. आपल्याकडे याला ‘मंत्रचळ’ असा जुना आणि नेमका शब्द आहे. पुढे त्याला टूरेट सिंड्रोमचीही जोड मिळाली. हा आजार जन्मभराचा आहे, असं आईला सांगण्यात आलं. आईनं ते मानलं नाही. शोधता शोधता रक्ताच्या एका साध्या तपासणीत स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संसर्ग होऊन गेल्याची खूण सापडली. घसा दुखल्याची तक्रार तर मुलानं कधी केलीच नव्हती. ऑगमेंटिन हे प्रतिजैविक मोठ्या मात्रेत सुरू झालं आणि मुलगा हळूहळू माणसांत आला.

या आईनं, बेथ अ‍ॅलिसन मलोनी यांनी, २००९ साली ‘सेव्हिंग सॅमी’ हे पुस्तक लिहिलं. त्याच्या पहिल्या आवृत्तीचं उपशीर्षक ‘क्यूरिंग द बॉय हू कॉट ओसीडी’ असं होतं. मराठीत सांगायचं तर, ओसीडीची लागण झालेल्या मुलाला बरं करण्याची गोष्ट. आमच्या मते हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावं. मात्र उपशीर्षकातली ‘लागण झाली’ आणि ‘बरं केलं’ ही दोन्ही क्रियापदं पुस्तकातल्या पुराव्याला पेलवतात का, हे तपासून बघितल्याशिवाय ते बाजूला ठेवू नये.

आधी पुस्तकाची ताकद. मलोनी पेशानं वकील. काय घडलं, कधी घडलं, कुणाच्या देखत घडलं हे नोंदवायची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली असावी. मुलाच्या वागण्याचं वर्णन करताना त्या ‘विचित्र’, ‘हट्टी’, ‘बिथरलेला’ अशी विशेषणं वापरून थांबत नाहीत. कोणता हात, कोणती भिंत, काय केलं की पुढचं पाऊल पडतं, हे लिहितात. मंत्रचळ बाहेरून हास्यास्पद दिसतो आणि आतून तो कैद असतो. आपण करतोय ते निरर्थक आहे हे मुलाला बहुधा कळत असतं, पण न करणं जमत नसतं. हे इतक्या जवळून दाखवणारी पुस्तकं थोडी आहेत. आणखी एक गोष्ट त्यांनी सोडलेली नाही, ती म्हणजे अचानकपणा. मंत्रचळ एरवी चोरपावलांनी येतो, महिनोन्‌महिने घरच्यांच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र तो काही दिवसांत घरभर पसरला. हा मुद्दा आईच्या हळवेपणातून आलेला नाही. ज्या वादात हे पुस्तक उतरतं त्या वादाचा कणाच हा आहे.

तो वाद समजून घ्यायचा तर बराच मागे जावं लागतं. थॉमस सिडनॅम या इंग्रज वैद्यानं १६८६ साली लहान मुलांच्या एका आजाराचं वर्णन केलं. हातपाय आपोआप नाचल्यासारखे हलतात, हातातली वस्तू पडते, जीभ बाहेर काढली तर बाहेर राहत नाही. याला आज सिडनॅम कोरिया म्हणतात (कोरिया म्हणजे नृत्य, देशाशी संबंध नाही). पुढे कळलं की हा ऱ्हुमॅटिक फीवरचा, म्हणजे सांधेतापाचा एक चेहरा आहे. आणि सांधेतापाच्या मुळाशी ‘अ’ गटातल्या स्ट्रेप्टोकॉकसमुळे झालेला घशाचा संसर्ग असतो. घसा बरा होतो, मूल शाळेत येतं, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सांधे, हृदय किंवा मेंदू यांपैकी कुणाची तरी पाळी येते.

जिवाणू तर गेला, मग दुखणं येतं कुठून? शाळेच्याच भाषेत सांगायचं तर असं समजा, की शाळेचा गणवेश घालून एक चोर आवारात शिरला. पहारेकऱ्यानं त्याला पकडलं, पण त्याच्या डोक्यात पक्का बसला तो गणवेश. मग तो त्या गणवेशातल्या पोरांनाच धरायला लागला. स्ट्रेप्टोकॉकसच्या अंगावरची काही द्रव्यं आपल्या पेशींवरच्या द्रव्यांसारखी दिसतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं त्यामुळे आपल्याच ऊतींना चिकटतात. ओक्लाहोमा विद्यापीठातल्या मॅडेलिन कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं, की सिडनॅम कोरिया झालेल्या मुलांमधली काही प्रतिपिंडं जिवाणूच्या भिंतीतल्या शर्करेलाही चिकटतात आणि चेतापेशींच्या पृष्ठभागावरच्या मेदशर्करेलाही. एवढंच नव्हे, तर चेतापेशींच्या आतल्या संदेशवहनातही ती ढवळाढवळ करतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत सुझन स्वीडो या बालरोगतज्ज्ञ मंत्रचळ असलेल्या मुलांवर काम करत होत्या. सिडनॅम कोरियाच्या मुलांना त्यांनी हातापायांबरोबरच मनाबद्दलही विचारलं. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत ११ पैकी ९ मुलांमध्ये मंत्रचळाची लक्षणं आढळली. मग प्रश्न उभा राहिला, की हातपाय न नाचता नुसता मंत्रचळच उमटला तर? १९९८ साली त्यांनी अशा ५० मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. मंत्रचळ किंवा टिक (म्हणजे डोळे मिचकावणं, खांदा उडवणं, घसा खाकरणं अशा अनावर हालचाली आणि आवाज), सुरुवात तीन वर्षं ते वयात येण्याच्या दरम्यान, आजार अचानक उसळणारा आणि चढउतारांचा, प्रत्येक उसळीशी स्ट्रेपच्या संसर्गाचा कालसंबंध, आणि हालचालींत किरकोळ मज्जासंस्थेचे दोष. मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या अडीच पटींहून जास्त होतं. या समूहाला नाव दिलं गेलं ‘पँडाज’. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं हे नाव. मराठीत त्याचा अर्थ, लहान मुलांमधले, स्ट्रेप्टोकॉकसशी निगडित, स्वयंप्रतिकारातून उद्भवणारे मेंदू-मनाचे विकार.

नाव गोंडस आहे, पण नामकरणाच्या दिवशीच एक घोटाळा झाला असं आम्हाला वाटतं. ‘स्ट्रेपशी निगडित’ आणि ‘स्वयंप्रतिकारातून’ ही दोन्ही गृहीतकं होती, ती तपासायची होती. नावातच घातल्यावर ती सिद्ध झाल्यासारखी वाटू लागली. वनस्पतीच्या पानावर ठिपके दिसले, तर आपण मुलांना आधी ‘ठिपके’ असं लिहायला सांगतो, ‘बुरशी’ नंतर. २०१२ साली स्वीडो यांनीच इतर दोघांबरोबर ‘पॅन्स’ हे नवं नाव सुचवलं. त्यात जिवाणूही नाही आणि स्वयंप्रतिकारही नाही, आहे तो फक्त लहान वय, अचानक सुरुवात आणि मेंदू-मनाची लक्षणं. ही माघार नव्हे, ही शिस्त.

आता पहिलं क्रियापद, ‘लागण झाली’. मलोनी यांचा पुरावा असा, की रक्तात स्ट्रेपविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी वाढलेली होती. ही एएसओ नावाची तपासणी आपल्याकडेही गावोगावच्या प्रयोगशाळांत होते. ती नेमकं काय सांगते? गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत या शरीराची स्ट्रेपशी गाठ पडली होती, एवढंच. संसर्गानंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी ती पातळी शिखरावर जाते आणि नंतर कित्येक महिने चढी राहू शकते. शाळकरी मुलांत हा जिवाणू किती सर्रास असतो ते बघा. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून असं दिसलं आहे, की अजिबात लक्षणं नसलेल्या मुलांपैकी सुमारे १२ टक्के मुलांच्या घशात तो मुक्कामाला असतो. पन्नासच्या वर्गात सहा जण. दुसरीकडे, शाळेच्या वयात केव्हा ना केव्हा थोडे दिवस टिक दिसून जाणाऱ्या मुलांचं प्रमाण पाचात एकापर्यंत सांगितलं जातं. दोन इतक्या सामान्य गोष्टी एकाच मुलात भेटल्या, तर त्यात नवल काय? काहीही संबंध नसला तरी टिक असलेल्या आठ मुलांपैकी एकाच्या घशात स्ट्रेप सापडायचाच. वरच्या इयत्तांतल्या विद्यार्थ्यांनी दोन रंगांचे मणी एकाच पिशवीतून काढून हा हिशेब करून बघायला हरकत नाही.

म्हणून एका मुलाची गोष्ट पुरत नाही. अनेक मुलांच्या मागे कित्येक महिने राहून बघावं लागतं. रॉजर कुर्लान आणि सहकाऱ्यांनी २००८ साली असा अभ्यास प्रसिद्ध केला. पँडाजच्या निकषांत बसणारी ४० मुलं, आणि त्यांच्या जोडीला मंत्रचळ किंवा टिक असलेली पण निकषांत न बसणारी ४० मुलं. सरासरी दोन वर्षं पाठपुरावा झाला. त्या काळात आजार साठाहून अधिक वेळा उसळला, पण स्ट्रेपच्या संसर्गानंतर चार आठवड्यांच्या आत झालेल्या उसळ्या फक्त पाच. टीकाकार इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, संबंध नाही. पण पुढचं वाक्यही वाचायला हवं. त्या पाचही उसळ्या पँडाजच्या गटातल्या होत्या, आणि निव्वळ योगायोगानं १.६ अपेक्षित होत्या. म्हणजे संबंध दिसतो, पण तो थोड्याच उसळ्यांपुरता. बाकीच्या उसळ्यांचं कारण दुसरं काहीतरी असणार. युरोपात टिक असलेल्या सातशेहून अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासात, जो २०२१ साली प्रसिद्ध झाला, स्ट्रेपचा संसर्ग आणि टिक बळावणं यांचा संबंध सापडला नाही.

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवतात. तिथल्या दहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी चाळून २०१७ साली एक मोठा निबंध आला. घशाची स्ट्रेप तपासणी कधीच न झालेल्या मुलांच्या तुलनेत, तपासणीत स्ट्रेप सापडलेल्या मुलांमध्ये पुढे ओसीडीचं निदान होण्याचं प्रमाण दीडपट होतं, १.५१. हा आकडा वृत्तपत्रांच्या मथळ्याला साजेसा आहे. पण घसा आला होता आणि तपासणीत स्ट्रेप सापडला नाही अशा मुलांमध्येही तेच प्रमाण १.२८ होतं. स्ट्रेपचा वाटा जास्त आहे, एकट्याचा नाही. शिवाय मुळात विरळ असलेली गोष्ट दीडपट झाली तरी विरळच राहते. घसा दुखलेल्या प्रत्येक मुलाकडे धास्तीनं बघायचं काही कारण नाही.

तेव्हा ‘लागण’ हा शब्द आम्ही तरी वापरणार नाही. गोवर लागतो, नायटा लागतो. मंत्रचळ एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात नाही. फार तर असं म्हणता येईल, की काही थोड्या मुलांमध्ये, ज्यांची घडणच तशी असेल त्यांच्यात, संसर्गानंतरची प्रतिकारयंत्रणेची खळबळ मेंदूच्या खोलवरच्या गाठींपर्यंत पोचते. हे अशक्य अजिबात नाही. २०१६ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की नाकात वारंवार स्ट्रेप सोडला तर प्रतिकारपेशी वासाच्या चेतातंतूंच्या वाटेनं मेंदूत शिरतात आणि रक्त व मेंदू यांच्यामधली भिंत सैल होते. येल विद्यापीठातल्या गटानं २०२१ साली दाखवलं, की पँडाजच्या मुलांची प्रतिपिंडं मेंदूच्या स्ट्रायटम या भागातल्या ठरावीक चेतापेशींना चिकटतात. मात्र अशा खुणा पूर्वीही चमकल्या आणि विझल्या आहेत. १९९७ साली रक्तपेशींवरची ‘डी ८/१७’ नावाची खूण पँडाजच्या ८५ टक्के मुलांत आणि निरोगी मुलांपैकी फक्त १७ टक्क्यांत सापडली होती. निदानाची किल्लीच मिळाली असं वाटलं. इतर प्रयोगशाळांत ती किल्ली चालली नाही.

दुसरं क्रियापद, ‘बरं केलं’. इथे पुस्तकाचं पारडं आणखी हलकं आहे. ऑगमेंटिन दिलं, मुलगा सुधारला, म्हणून ऑगमेंटिननं सुधारला. वर्गात विद्यार्थ्यानं असं उत्तर दिलं तर आपण काय विचारू? न देता काय झालं असतं? हा आजारच चढउतारांचा आहे, ती त्याच्या व्याख्येतली अट आहे. घरची माणसं नवा उपाय करतात तो आजार शिखरावर असताना, आणि शिखरानंतर उतारच असतो. मग त्या आठवड्यात जे काही चालू असेल, गोळी, अंगारा किंवा डॉक्टर बदलणं, त्याला श्रेय मिळतं. शिवाय ज्या आईनं हेच औषध महिनोन्‌महिने दिलं आणि मूल सुधारलं नाही, तिनं पुस्तक लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कुणी छापलं असतं का, हाही प्रश्नच आहे.

बरं, औषधानंच गुण आला असं मानलं तरी जिवाणू हेच कारण ठरत नाही. ऑगमेंटिनमधलं अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलीनच्या कुळातलं. या कुळातली औषधं जिवाणूंशी संबंध नसलेली आणखीही एक गोष्ट करतात, असं २००५ साली उंदरांवरच्या कामातून पुढे आलं. ग्लुटामेट हा चेतापेशींमधला संदेशवाहक उचलून नेणारी प्रथिनं ती वाढवतात. डोकेदुखी थांबवणारी गोळी तापही उतरवते, म्हणून डोकं तापामुळेच दुखत होतं असं होत नाही.

मग पद्धतशीर चाचण्या काय सांगतात? १९९९ साली ३७ मुलांवर पेनिसिलीन आणि निष्क्रिय औषध आळीपाळीनं वापरून बघितलं. फरक दिसला नाही. पण पेनिसिलीन चालू असतानाही मुलांना स्ट्रेपचे संसर्ग होतच राहिले, त्यामुळे ज्याची परीक्षा घ्यायची होती ती झालीच नाही. २००५ साली २३ मुलांना वर्षभर पेनिसिलीन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं. दोन्ही गटांत आदल्या वर्षापेक्षा उसळ्या कमी झाल्या, पण निष्क्रिय औषधाचा गटच नव्हता. तेव्हा वर सांगितलेला ‘शिखरानंतर उतार’ हा आक्षेप इथेही तसाच उभा राहतो. त्याहून जहाल उपायांची गोष्ट तर बोधप्रद आहे. १९९९ साली २९ मुलांवर एक चाचणी झाली. काहींचा रक्तद्रव बदलला, काहींना शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं, काहींना निष्क्रिय द्रव. महिन्याभरानं मंत्रचळाच्या गुणांकनात पहिल्या गटात ५८ टक्के, दुसऱ्यात ४५ टक्के आणि तिसऱ्यात फक्त ३ टक्के सुधारणा. आकडे डोळे दिपवणारे आहेत. २०१६ साली इम्युनोग्लोब्युलिनची चाचणी पुन्हा काटेकोरपणे केली तेव्हा औषध मिळालेल्या १७ पैकी ६ मुलांना आणि निष्क्रिय द्रव मिळालेल्या १८ पैकी ४ मुलांना गुण आला. एवढ्या लहान गटांत ६ आणि ४ मधला फरक नाणं उडवूनही पडू शकतो. ‘गुण येत नाही’ हे यातून सिद्ध झालं नाही. ‘गुण येतो’ हेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं या विषयावर अहवाल काढला. त्याचाही सूर हाच आहे. अशी स्थिती असणं शक्य आहे, पण निदान पक्कं करणारी एकही तपासणी हाती नाही. मात्र त्याआधीच, २०१७ साली, इलिनॉय राज्यानं विमा कंपन्यांनी या उपचारांचा खर्च द्यावा असा कायदा केला होता. पालकांचा रेटा पुराव्याच्या पुढे धावतो तो असा.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की आम्ही पुस्तक निकालात काढलं. तसं नाही. या वादात शंका घेणाऱ्या डॉक्टरांचं वागणंही पुस्तकात दिसतं, आणि ते फारसं शोभादायक नाही. ‘कारण सिद्ध झालेलं नाही’ आणि ‘तुमच्या मुलाला काही झालेलंच नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं विज्ञान, दुसरं उद्धटपणा. मुलगा आठवड्याभरात पार बदलला असं आई सांगते तेव्हा ती एक निरीक्षण सांगत असते. कारणाबद्दल ती चुकू शकते, तारखेबद्दल सहसा चुकत नाही. तरी पहिला संशय येतो तो घरावरच, आईबापांत भांडणं आहेत का, फार लाड झाले का, फार शिस्त झाली का. आपल्याकडे यात ‘दृष्ट लागली’ आणि ‘बाहेरचं आहे’ याची भर पडते. मलोनी यांचं पुस्तक पालकांच्या मनावरचं ‘हे माझ्यामुळे झालं’ हे ओझं हलकं करतं. कारणाबद्दल त्या बरोबर असोत वा नसोत, हे काम मोलाचं आहे.

पुस्तकाची आम्हाला सर्वांत जास्त खटकणारी बाजू अशी, की आजार शरीरातला आहे असं ठरलं की वागणुकीवरचे उपचार जणू गैरलागू ठरतात, असा समज वाचकाचा होतो. तो घातक आहे. मंत्रचळावर सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय म्हणजे टप्प्याटप्प्यानं भीतीला सामोरं जाणं आणि ठरावीक कृती न करता थांबायला शिकणं. पँडाजच्या मुलांवरही तो वापरून बघितलेला आहे, २००६ साली अगदी छोट्या गटावर, ७ पैकी ६ मुलांना गुण आला. पाय मोडला तो अपघातानं, म्हणून चालायचा सराव नको असं कुणी म्हणत नाही. तसंच घरातल्यांनी मुलाच्या विधींत सामील होणं, त्याच्यासाठी दारं उघडून देणं, दहादा तेच उत्तर देणं, यानं त्या क्षणी शांतता मिळते आणि मंत्रचळ मात्र मुरत जातो. हे प्रेमानंच घडतं, म्हणूनच थांबवणं कठीण. पालकांना खरी मदत इथे लागते, आणि पुस्तकाचा सगळा झोत औषधाच्या बाटलीवर आहे.

आता हे पुस्तक महाराष्ट्रात वाचायचं तर एक मोठा फरक लक्षात ठेवायला हवा. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांधेताप जवळजवळ दिसेनासा झाला. आपल्याकडे तो गेलेला नाही. मेनमधल्या मुलाच्या वागण्यात अचानक बदल झाला तर तिथला डॉक्टर पँडाजचा विचार करील किंवा करणार नाही. आपल्याकडे त्याआधी विचार यायला हवा तो सिडनॅम कोरियाचा, कारण त्याबद्दल शंका नाही, वाद नाही, आणि त्याच्या पाठोपाठ हृदयाच्या झडपा खराब होण्याचा धोका असतो. अशा मुलाचं हृदय तपासावं लागतं. निदान पक्कं झालं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन कित्येक वर्षं घ्यावं लागतं. ते मनासाठी नसतं, पुन्हा स्ट्रेप होऊन झडपा आणखी बिघडू नयेत म्हणून असतं. इंटरनेटवर पँडाजचं वाचून औषधाच्या दुकानातून परस्पर ऑगमेंटिन आणणाऱ्या पालकाकडून नेमकी हीच तपासणी राहून जाते. वर प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढतात ते वेगळंच. एरवी घशाला स्ट्रेप झाला असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं औषध सांगितले तितके दिवस पुरं घेणं, हा सांधेताप टाळण्याचा राजमार्ग आहे आणि त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

शिक्षकांचा यात संबंध काय? सिडनॅम कोरियाची सुरुवात पुष्कळदा वर्गात होते. मूल हातातला खडू पाडतं, वाकुल्या दाखवल्यासारखं तोंड करतं, एका जागी बसत नाही, कारण नसताना रडतं. त्याला धांदरट, आगाऊ, नाटकी ठरवून अंगठे धरायला लावलं जातं. हालचाली मुद्दाम केलेल्या नाहीत हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. झोपेत त्या थांबतात. मुलानं तुमचं बोट धरून ठेवायचा प्रयत्न केला तर पकड गाईची धार काढल्यासारखी घट्ट-सैल, घट्ट-सैल होते. सरळ पुढे केलेले हात स्थिर राहत नाहीत. अचानक उसळणाऱ्या मंत्रचळाच्या वर्णनांतही शाळेत दिसणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. सारखी लघवीला जायची परवानगी, आईला सोडून वर्गात यायला नकार, डबा परत नेणं, येणारं गणित न येणं, खोडून खोडून कागद फाटणं.

आणि अक्षर. या मुलांचं हस्ताक्षर काही दिवसांत बिघडल्याच्या नोंदी आहेत. ओळी तिरक्या होतात, अक्षरांचे आकार बदलतात, चित्रं एक-दोन वर्षं लहान मुलानं काढल्यासारखी दिसतात. डॉक्टरांकडे मूल येतं ते आजारी झाल्यावर, त्यांना आधीचं मूल माहीत नसतं. आईबाप सांगतात ते आठवणीतून. शुद्धलेखनाच्या वहीत मात्र रोजची तारीख घातलेली असते, शाई तीच, ओळ तीच, मूल तेच. मलोनी यांच्या सबंध पुस्तकात नाही इतका नेमका पुरावा त्या चार पानांत असू शकतो. तेव्हा एखाद्या मुलाबद्दल शंका आली तर पालकांना बोलावताना ती वही त्यांच्या हातात द्या, बदलाच्या आधीचं पान आणि नंतरचं पान दोन्ही दाखवा, आणि डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्यायला सांगा. वर्ष संपल्यावर रद्दीत घालण्याआधी झेरॉक्स काढून ठेवली तर आणखी बरं.